खालची जाड रेघ

नाही, नाही, बसा हो, उठू नका — कोणी बोलावलेलं नाही. त्या दाराची कडी नीट लागत नाही, म्हणून ते आपलं आपण उघडतं नि आपलं आपण मिटतं. मघाशीही तुम्ही असेच दचकून उठलात. बसा. आत अजून प्रोजेक्टरशी झटापट चाललीय. पडद्यावर नुसता निळा चौकोन येतोय आणि सगळे डॉक्टरेटवाले त्याच्याभोवती उभे राहून वायर काढतायत, वायर घालतायत — काढतायत, घालतायत. मी म्हटलं, तुमचं चालू द्या, मी बाहेर बसते. माझ्या गुडघ्यांना उभं राहणं झेपत नाही आणि डोक्याला तो निळा रंग. ते खोकं खाली ठेवा की, मांडी अवघडेल. नको? बरं, राहू द्या. सुतळीनं बांधलंय म्हणजे बेकरीतलं असणार. आणि शर्टाची आजच घडी मोडलेली दिसतेय, पाठीवर अजून घडीचे चौकोन आहेत, इस्त्रीवाल्याला न दाखवलेले. काहीतरी आनंदाचं काम दिसतंय. मुलाचं? अच्छा, मुलीचं. इथेच शिकते? वा, वा. दाखल्यांची खिडकी त्या टोकाला आहे, पण तिथल्या बाईंचा चहा झाल्याशिवाय ती उघडत नाही, तेव्हा निवांत बसा. पेपरमिंट घेता? घ्या हो. मला प्रवासात लागतं, मळमळतं, म्हणून पर्समध्ये असतंच.

गंमत आहे बघा, तुमचा एकच हात रापलाय. हा असा काळवंडलेला, आणि तो आपला घरातला वाटतो. राग मानू नका हं, आम्हा भूमितीवाल्यांना नको तिथे बघायची खोड असते — दोन बाजू सारख्या नसल्या की डोळा तिथेच अडकतो. समोरचा माणूस कोण आहे, काय म्हणतोय, ते मात्र दिसत नाही; आमच्या घरात हे मला रोज ऐकवतात — ऐकवायचे. आता तेही नाही. असो. मी? मी परीक्षक. बाहेरगावाहून बोलावलेली. आत एका मुलीचा पीएचडीचा व्हायवा आहे, म्हणजे काय, तर इतकी वर्षं तिनं जे लिहिलं ते तिनं आमच्यापुढे उभं राहून बोलून दाखवायचं, आम्ही चार प्रश्न विचारायचे, तिनं उत्तरं द्यायची, मग आम्ही माना डोलवायच्या, सही करायची, आणि सगळ्यांनी सामोसे — जे काय ठेवलं असेल ते खायचं. बहुतेक वेळा असंच होतं. नव्व्याण्णव टक्के वेळा. सही ती काय, एवढीशी. तिथे दोनच रकाने असतात — एक 'पदवी द्यावी' आणि दुसरा 'दुरुस्त करून परत आणावं'. दुसऱ्या रकान्यात मी जन्मात कधी सही केलेली नाही. केली तर काय होतं? काही नाही होत. म्हणजे माझं काही नाही होत.

तुम्हाला सांगायला काही हरकत नाही, तुम्हाला ना तिचं देणं ना घेणं. आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला आत जाववत नाहीये, हे खरं. त्या मुलीच्या प्रबंधात ना — भोक आहे. नाही नाही, कागदाला नाही, युक्तिवादाला. चौथ्या प्रकरणात. आणि ते मला दिसलंय, आणि आत जे उभे आहेत त्यांतल्या एकालाही दिसलेलं नाही, तिच्या गाईडलासुद्धा नाही, तिला स्वतःला तर नाहीच. कसलं भोक म्हणताय? तुम्ही काही म्हणत नाही आहात, मीच म्हणतेय. थांबा, सांगते, सोपं आहे, विषयाचं नाव तेवढं भीतीदायक आहे. ती समोरची खिडकी बघा. उभे गज आहेत, दिसतात? एकाशेजारी एक, सरळ. आम्ही ज्याच्यावर काम करतो तो पृष्ठभाग असाच — सरळ उभ्या रेघा शेजारीशेजारी ठेवून बनवलेला. आणि खाली बघा, एक आडवी जाड पट्टी आहे, सगळे गज तिच्यावर उभे. आता मधे जर तुम्ही एक आडवी दोरी बांधलीत तर ती वर करता येईल, खाली करता येईल, तिरकी करता येईल. पण खालची पट्टी? नाही हलत. तिला तसूभर सरकवता येत नाही.

आता आमचं वेडेपण ऐका. दोन रेघा एकमेकींना किती वेळा कापतात ते मोजता येतं — एकदा, दोनदा, किंवा कधीच नाही. इथवर ठीक. मग आम्ही शहाणे लोक विचारतो, एखादी रेघ स्वतःलाच किती वेळा कापते? हसलात. हसा, माझी आईसुद्धा हसली होती. कसं मोजायचं, तर तिला जरासं बाजूला सरकवायचं आणि सरकवलेली रेघ मूळ जागेला कुठे कुठे कापते ते बघायचं. पण जी सरकतच नाही तिचं काय? तिचा आकडा दुसऱ्या वाटेनं, कागदावर हिशेब करून काढावा लागतो, आणि तो येतो वजा. वजा एक, वजा दोन, वजा पाच. कापण्याची संख्या वजा! म्हणजे काय, तर म्हणजे एवढंच, की ही बाई जागची हलणार नाही आणि तिच्यासारखी दुसरी कोणी त्या घरात, म्हणजे त्या पृष्ठभागावर, नाही. मला फार आवडायच्या या वजावाल्या रेघा, तरुण होते तेव्हा. आता काही आवडत नाही. आता मला फक्त घरी जाऊन पाय कोमट पाण्यात ठेवून बसायला आवडतं.

तर भोक. आता समजा ती अख्खी खिडकीच हळूच बदलायला लागली — भिंत जराशी कलली, चौकट जराशी पिळली. गज सगळे शाबूत राहतात, ते राहतातच, त्याची काळजी नको. खालच्या पट्टीचं काय होईल? तुम्ही म्हणाल, जी इतकी घट्ट बसलीय ती काय कुठे जातेय, ती येईल सोबत. कोणीही असंच म्हणेल. आणि ती वजा एकवाली असेल तर खरंच येते — ती चिवट असते हो, घर कितीही बदलू द्या, नव्या घरात बघावं तर ही आधीच येऊन बसलेली. पण वजा दोनवाली? किंवा त्याच्या खालची? तिचा भरवसा नाही. घर जरा हललं की ती नाहीशी होऊ शकते. तुटत नाही, वाकत नाही, आवाज नाही की काही नाही — शेजारच्या खिडकीत ती नसतेच मुळी. हिशेबात तिची जागा तशीच असते, वजा दोन, सगळं बरोबर, फक्त त्या जागेवर रेघ नसते. जी सगळ्यांत घट्ट वाटते ना, ती अशी जाते. आणि त्या मुलीनं चौथ्या प्रकरणात वजा दोनवालीला हात धरून सगळ्या घरांतून फिरवून आणलंय. पुढचं पाचवं प्रकरण, सहावं प्रकरण, सगळं तिच्या खांद्यावर. ती आहे असं धरून.

तुम्ही म्हणाल, इतकी हुशार मुलगी, हे कसं सुटलं? अहो, हुशार म्हणूनच सुटलं. आम्ही सगळेच हा पृष्ठभाग एकाच पद्धतीनं काढतो — एक चौकोन, आत उभ्या रेघा, खाली एक जाड रेघ. गाईड फळ्यावर तसाच काढतो, पोरं वहीत तसाच काढतात, त्यांची पोरं तसाच. बदलत जाणारं घर दाखवायचं असेल तर शेजारीशेजारी तीन चौकोन काढायचे, आणि हात काय करतो, तिन्हींच्या खाली जाड रेघ ओढतो. डोक्याला न विचारता. एकदा रेघ काढली की ती आहे! डोळ्यांना दिसतेय की! मग डोकंही म्हणतं, बरं बाई, आहे. मला तरी कुठे कळलं पहिल्यांदा वाचताना? मी अख्खा प्रबंध वाचला, उत्तम आहे असा रिपोर्ट धाडला, माझी सही आहे त्याच्यावर. आज सकाळी गेस्ट हाऊसवर चहा घेत बसले होते, म्हटलं प्रश्न काय विचारायचे ते जरा बघावं, म्हणून तिचं ते चित्र पाठकोऱ्या कागदावर उतरवायला घेतलं. पहिला चौकोन झाला, खाली जाड रेघ. दुसरा झाला, त्याच्या उभ्या रेघा झाल्या, आणि खालची रेघ ओढायला लागले तर पेन संपलं. रिफिल संपली. नुसता चरा उठला कागदावर. मी पेन झटकतेय, कागदाच्या कोपऱ्यात गोल गोल फिरवतेय, आणि समोर तो चौकोन, खाली रेघ नसलेला. मला वाटलं — ही इथे आहे असं मला सांगितलं कोणी? चहा निवून गेला हो. मी तशीच बसून राहिले. साय आलेला चहा शेवटी ओतून दिला.

काय झालं? चेहरा उतरला एकदम तुमचा. उकडतंय का? इथला पंखा नुसता शोभेचा आहे. पाणी प्या, ही घ्या बाटली, तोंड लावलेलं नाही मी. प्या. मी पण काय, सकाळी सकाळी कोणाच्याही डोक्याला ताप देते. तुमचं काम होईल हो, काळजी करू नका, आज दाखल्यांना गर्दी नाहीये.

मला खरं तर राग त्या गाईडचा येतो. आम्ही एकाच वर्गातले. त्याला आम्ही 'पॅसेंजर' म्हणायचो, कारण कायम लेट. तासाला लेट, परीक्षेला लेट, स्वतःच्या लग्नाला लेट. आता पोरीचा प्रबंधही अगदी शेवटच्या घटकेला. काल संध्याकाळी त्याचा फोन — 'बाई, जपून हं, पोरीला कुठेशी नोकरी लागलीय, सोमवारी हजर व्हायचंय, पदवीचं पत्र हातात असेल तरच घेतील, नाहीतर पुढचा माणूस बोलावतील.' मी म्हटलं, मला का सांगतोयस, मी काय राक्षसीण आहे का? तर म्हणाला, नाही, तू प्रश्न खोचक विचारतेस. मग सगळी कहाणी. घरात शिकलेलं कोणी नाही, आई लहानपणीच गेली, बाप बस चालवतो कुठल्याशा मार्गावर, डबल ड्यूट्या करून शिकवलं, पोरगी एकही दिवस रडत आली नाही की काही मागायला आली नाही — आणि मी हूं हूं करत ऐकत होते, मला काय, मी आधीच चांगला रिपोर्ट दिला होता. काल हे ऐकायला गोड वाटलं. आज सकाळी त्या चौकोनाकडे बघताना तोच फोन आठवला, आणि मला त्या पॅसेंजरचा गळा दाबावासा वाटला. कशाला सांगितलंस मेल्या? मला नुसतं चौथं प्रकरण माहीत असतं तर किती बरं झालं असतं.

तर मी ठरवलंय. सही करणार. पहिल्या रकान्यात. हो, काय करू? कोणाला दिसलंय? आत कोणाला दिसणार नाही, त्यांना प्रोजेक्टर चालू करता येत नाही तर चौथ्या प्रकरणातली वजा दोन काय दिसणार. ती बोलेल, आम्ही टाळ्या वाजवू, ती सोमवारी नोकरीला जाईल, आणि मी संध्याकाळच्या गाडीनं घरी. मी महिनाअखेर निवृत्त होतेय. मला आता भांडायचं नाही, खऱ्यासाठी उभं राहायचं नाही, कोणाच्या डोळ्यांत बघायचं नाही. आणि खरं सांगू का, प्रश्न विचारला तर माझंही निघतंच ना — 'बाई, तुम्ही तर रिपोर्टमध्ये उत्तम लिहिलंत' — तर तेही आहे, नाही कशाला म्हणू? दमले हो मी. लोक म्हणतात थकवा आला की झोपा. हा झोपेनं जाणारा नाही.

पण —

नाही, काही नाही. आमच्या ह्यांचं आठवलं. सांगू? सांगतेच, आता सांगायचं काय राहिलंय. आमचे हे म्हणजे माझे यजमान. तेही ह्यातलेच. माझ्याहून कितीतरी वरचढ, हे मी बायको म्हणून नाही सांगत, विभागात कोणालाही विचारा — विचारायला आता कोणी उरलं नाही म्हणा. ह्यांच्या प्रबंधातही असंच भोक होतं. आणि ह्यांच्या परीक्षकाला ते दिसलं होतं. भला माणूस तो, देवमाणूस म्हणायचे सगळे. त्यानं विचार केला, गरीब घरचा पोरगा आहे, नुकतं लग्न ठरलंय — माझ्याशीच ठरलं होतं — कशाला पोराचं नुकसान, आणि केली सही. पुढे हे मोठे झाले. त्याच प्रबंधावर आणखी लिहिलं, त्याच्यावर आणखी, मजल्यावर मजला. मग एका मोठ्या सभेत ह्यांचं भाषण होतं, हॉल भरलेला, आणि एक पाहुणी उठली, अगदी नम्रपणे, आणि म्हणाली, 'सर, ही पायरी मला समजली नाही.' ह्यांना क्षणात कळलं. मी मागे बसले होते, मला ह्यांची मान दिसली, ती मान मला अजून दिसते. पण ते नाही हो. तेवढं झेपलं असतं. चूक कोणाची होत नाही? हे हसले असते, फळा पुसला असता, वर्षभर डोकं धरून बसले असते आणि दुरुस्त केलं असतं, माणूस तेवढा होता. पण चहाच्या वेळी तो देवमाणूस, पहिल्याच रांगेत होता तो, ह्यांच्या पाठीवर हात ठेवून काय म्हणाला माहितीय? 'मला तेव्हाच दिसलं होतं रे. पण म्हटलं असू दे.'

म्हटलं असू दे!

त्या दिवसानंतर ह्यांनी गणित सोडलं. एकदम. भांडण नाही, रडारड नाही. मी म्हणायचे ना सगळ्यांना, हे म्हणजे खांब, हे कुठे जाणारेत — ते गेले. घरात आहेत, जेवतात, झोपतात, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं वेळापत्रक बघतात, कोणत्या मजल्याला कधी पाणी सोडायचं ते, फार काटेकोर बघतात. मी टेबलावर एखादा पेपर उघडला की उठून गीझर लावायला जातात. इतकी वर्षं. गीझरची गरज नसतानाही. मी ह्यांच्यावर चिडले, रुसले, आता नुसती कंटाळलेय. चूक झाली म्हणून नाही गेले हो ते. इतकी वर्षं कोणीतरी आपल्याला दयेवर उभं केलंय, आणि आपण समजत होतो की आपण पायांवर उभे आहोत — त्यानं गेले. मला त्या देवमाणसाचा जेवढा राग येतो तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही. मेल्यावर त्याच्या शोकसभेलाही मी गेले नाही.

आज सकाळी मी ह्यांना फोन केला. आता हे मी तुम्हाला का सांगतेय मलाच कळत नाही. केला खरा. एरवी मी फोन करते तो औषध घेतलंत का, दूधवाला आला होता का, एवढ्यापुरता. आज हॅलो न म्हणताच विचारलं, 'वजा दोनवाली, घर हलवल्यावर राहते का?' इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि त्या माणसानं श्वास घेण्याइतकाही वेळ लावला नाही. 'नाही राहत,' म्हणाले. 'वजा एकवाली राहते.' जणू कालच फळ्यावरून उठलेत. मला रडू आलं हो, गेस्ट हाऊसच्या त्या घाणेरड्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग पलीकडून विचारतात, 'कोणाचं आहे?' मी म्हटलं, 'एका मुलीचं. आज व्हायवा आहे.' मी म्हटलं, 'अहो, काय करू?' तर फोन ठेवून दिला.

म्हणजे काय समजायचं मी? तुम्ही सांगा. ठेवून दिला म्हणजे काय — विचार, असं? की विचारू नकोस? की मला यात ओढू नकोस? नवरा-बायकोनं इतकी वर्षं एका घरात काढायची आणि फोन ठेवल्याचा अर्थ एका अनोळखी माणसाला बाकावर विचारायचा. तुम्ही बाकी ऐकून घेता हं. मघापासून एक शब्द नाही तोंडातून. पेपरमिंटसुद्धा हातातच आहे अजून, चिकट झालं असेल. टाकून द्या ते. आणि खोकं इतकं घट्ट धरू नका, पुठ्ठा चेपलाय बघा कोपऱ्यातून.

नाही, मी सहीच करणार. ठरलं ते ठरलं. मी देवमाणूस नाही आणि मला कोणाचं भलंही करायचं नाही, मला फक्त घरी जायचंय. त्या पोरीला कळेल तेव्हा कळेल — कळणारच, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कुठल्यातरी हॉलमध्ये कोणीतरी उठेलच — तेव्हा मी तिथे नसेन. निदान पहिल्या रांगेत नसेन. निदान चहाच्या वेळी पाठीवर हात ठेवायला नसेन. एवढं तरी... एवढं बरं आहे ना? की नाही?

आता मात्र खरंच उघडलं दार. बसा, बसा, तुमचं काही नाही, ते मला बोलवायला आले असतील. लागला वाटतं प्रोजेक्टर. आणि ही बघा, ही ती. ही काय, निळ्या कुडत्यातली. केवढीशी दिसते नाही? फोटोत मोठी वाटली होती. ये गं, ये. हो, मीच. येतेच मी आत, झालं का तुमचं? छान. घाबरू नकोस, घाबरण्यासारखं काय — काय म्हणालीस?

कोण बाबा?

...

हो. हो, हो, भेटलो आम्ही, मघापासून गप्पाच मारतोय. नाही, तसं काही नाही, उकडत होतं म्हणून त्यांना जरा... पाणी दिलंय मी. तू हो पुढे. तुझी पहिली स्लाइड लाव. मी ह्यांना घेऊन येते. अगं जा, दोन मिनिटं.

...

तुम्ही बोलला का नाहीत?

नाही, बरोबर आहे. मी बोलूच दिलं नाही. मुलीचं काम आहे म्हणालात, इथेच शिकते म्हणालात, मी तुम्हाला दाखल्यांच्या खिडकीपुढे बसवलं. हातसुद्धा बघितला. बसच्या खिडकीतला हात, आणि मला त्यात फक्त दोन सारख्या नसलेल्या बाजू दिसल्या. अहो, वर बघा ना माझ्याकडे. नका बघू, तेही चालेल. मी काय बोलू आता. तुम्ही सगळं ऐकलंत. नोकरी, सोमवार, दोन्ही रकाने. मी तुम्हाला विचारणार नाही काय करू म्हणून, तेवढी निर्लज्ज नाही मी, हे ओझं तुमचं नाही —

काय?

होतं. दुरुस्त होतं. सगळं वाया नाही गेलेलं. वजा एकवालीपुरतं तिचं म्हणणं खणखणीत खरं आहे, त्याला कोणी हात लावू शकत नाही. वजा दोनसाठी तिला वेगळी वाट शोधावी लागेल, आणि ती शोधेल, पाचव्या प्रकरणात तिचं डोकं काय चालतं ते मी बघितलंय. पण सोमवारपर्यंत नाही. सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. सोमवार जाईल. खोटं कशाला सांगू, ती नोकरी जाईल.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, त्या वायरवाल्यांचा गोंगाट आहे.

विचारा?

परत एकदा म्हणा. नाही, ऐकू आलं मला. ऐकू आलं.

...

थांबा, माझा चष्मा. हां. चला, उठा. खोकं इथे ठेवू नका, कोणी उचलून नेईल, बरोबर घ्या. आणि असं मागच्या भिंतीला चिकटून उभे राहू नका बाहेरच्या माणसासारखे. पहिल्या रांगेत बसा, मधोमध. मी तिला चौथ्या प्रकरणातली ती रेघ विचारीन, आणि ती फळ्याकडे बघेल, चित्राकडे बघेल, मग तिला कळेल, आणि मग ती वर बघेल. तेव्हा तिला आधी मी दिसता कामा नये. तुम्ही व्हा पुढे. मी गुडघा सरळ करते नि येते. जा.